सव्वासहाचं ऊन: कोल्हापुरात कॅमेरा घेऊन चार दिवस

माझ्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावलेली आहे. कंपनीचं नाव आणि वरची चंदेरी कड झाकायला. अक्कल माझी नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपनं झाकायचा, हे कळल्यापासून रस्त्यावर फोटो काढणारी निम्मी मंडळी हाच उद्योग करतात. हेतू इतकाच, की कॅमेरा डोळ्यांत भरू नये आणि माणसं आपल्या नादात राहावीत. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर हे सहज जमतं. तिथे मी गळ्यात तोफ अडकवून उभी राहिले तरी लोकल पकडायला धावणारा माणूस मान वर करणार नाही.

कोल्हापुरात उतरल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत रिक्षावाल्यानं विचारलं, "टेप कशाला लावलाय ओ ताई? कॅमेरा फुटलाय व्हय?"

मग भवानी मंडप येईपर्यंत कुठली चिकटपट्टी उन्हात सुटत नाही, यावर त्यानं मला सविस्तर माहिती दिली.

३१ जानेवारी

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी कोल्हापूर. खोली भवानी मंडपापासून पाच मिनिटांवर. गरम पाणी सात ते नऊ. खोलीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तारीख मात्र मुद्दाम निवडली होती. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं आणि गाभाऱ्यात पोचतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात. हवेत धूळ किंवा ढग असले की किरणं वाटेतच विरतात. वाटेतल्या इमारतींचा वाद तर जुनाच आहे.

मंदिरात फोटो काढायला बंदी आहे आणि मला तिथे काढायचेही नव्हते. माझा डाव वेगळा होता. देवीपर्यंत जाणारं ऊन आधी ताराबाई रोडवरून येतं, महाद्वाराच्या चौकातून जातं. म्हणजे तेच ऊन दोन-चार मिनिटं आधी गजरे विकणारीच्या तोंडावर असणार, स्कूटरवाल्याच्या पाठीवर असणार. ते मला हवं होतं.

तोवर दिवस मोकळा होता. मिसळ खाल्ली. इथे पावाऐवजी जाड ब्रेडच्या स्लाइस येतात आणि कट मागाल तितका मिळतो. समोरच्या बाकावरच्या काकांनी माझ्या ताटलीकडे बघून पोऱ्याला हाक मारली, "अरे, ताईंना कट दे की, सुकं खायल्यात." मला तो कट झेपत नव्हता, पण सांगायची सोय राहिली नाही. कॅमेरा टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, डोळ्याला लावला, माझ्यावर रोखला आणि परत ठेवला. "हलका हाय," म्हणाले.

दुपारी पापाच्या तिकटीवर जाऊन उभी राहिले. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. कोल्हापुरात अशा बऱ्याच आहेत, मिरजकर तिकटी हे दुसरं ऐकलेलं नाव असेल. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यासाठी चौकापेक्षा तिकटी बरी. चौकात माणसं सरळ निघून जातात, तिकटीवर वळावं लागतं, आणि वळताना माणूस क्षणभर घुटमळतो.

नवख्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. माझ्याकडे ३५ मिमीच्या बरोबरीची एकच लेन्स आहे. लेन्सचं छिद्र एफ/८, शटर सेकंदाचा १/५००, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता आपोआप, आणि फोकस हातानं अडीच मीटरवर लावून ठेवलेला. एवढं केलं की साधारण दीड मीटरपासून दहाएक मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं आणि कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावं लागत नाही. डोळ्याला न लावताही फोटो निघतो. ज्यांच्याकडे लांब पल्ल्याची झूम आहे त्यांनी ती घरी ठेवावी. रस्त्याच्या पलीकडून माणूस टिपणं मला चोरून ऐकल्यासारखं वाटतं. हे माझं मत, भांडू नका.

तर एवढी सगळी तयारी, आणि दुपारभरात २१२ फोटो. रात्री खोलीवर बघितले तर त्यातल्या निम्म्याहून जास्त फोटोंत कुणीतरी सरळ लेन्समध्ये बघतंय. पेरूवाला बघतोय. त्याचं गिऱ्हाईक बघतंय. मागे बँकेच्या पायरीवर बसलेले दोन म्हातारे बघतायत आणि एक दुसऱ्याला माझ्याकडे बोट दाखवतोय.

शिवाय प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला. "कशाचा फोटो काढायलाय?"

"असंच."

डोंबिवलीत 'असंच' म्हटलं की विषय संपतो. इथे तिथूनच सुरू होतो. "असंच म्हंजे? पेपरात देणार? कुठनं आला? एकट्याच? जेवला का?"

संध्याकाळी पावणेसहाला महाद्वाराच्या चौकात पोचले तेव्हा गर्दी होतीच. मी सूर्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण लांब सावल्या हव्या होत्या. सावल्या मिळाल्या, पण माणसांचे नुसते काळे कागदी आकार झाले. चूक कळून बाजू बदलेपर्यंत एक टेम्पो मधोमध येऊन थांबला आणि त्याची सावली सगळ्या चौकावर. टेम्पो हलला तेव्हा ऊन कौलांवर चढलेलं. सगळा खेळ सहा-सात मिनिटांचा आहे. उशीर करू नका आणि सूर्याकडे पाठ करून उभे राहा, एवढं सांगायला मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

१ फेब्रुवारी

पहाटे साडेपाचला स्वेटर घालून गंगावेशीत. दूधकट्टा बघितला नसेल तर कोल्हापूर बघितलं असं म्हणू नका. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गिऱ्हाईक किटली घेऊन समोर उभं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. पाणी घालायचा संशयच नको. काही जण किटली न आणता नुसता ग्लास घेतात आणि उभ्या उभ्या पिऊन कामाला जातात. अंधारात पहिल्यांदा ऐकू येतो तो आवाज. रिकाम्या भांड्यात धार पडते तेव्हा टणटणीत वाजते, दूध साठत गेलं की आवाज जाड होतो, आणि शेवटी फेसात धार पडायला लागली की नुसती खसखस.

एका म्हशीपाशी बल्ब टांगलेला होता. मी तिथे गेले, कॅमेरा वर केला.

"फ्लॅश मारायचा न्हाई हां," खालून आवाज आला. उकिडवे बसलेले मामा वर न बघता बोलत होते. "म्हैस पान्हा चोरती."

फ्लॅश नाहीच आहे, म्हटलं.

"मग काय काढणार अंधारात?"

प्रश्न रास्त होता. एफ/२, १/१२५, आयएसओ ६४००, तरी काठावरच. मी शेजारी खाली बसले. त्यांनी हातातलं भांडं बाजूला ठेवलं, एक ग्लास विसळला आणि थेट त्यात धार काढली. "आधी ह्ये प्या. मग काढा काय काढायचं ते."

धारोष्ण दूध मी लहानपणानंतर प्यायले नव्हते. कोमट, गोडसर, आणि वर बोटभर फेस. तो सगळा माझ्या ओठांवर. मामांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खदाखदा हसले. दुसऱ्या हातानं मी शटर दाबलं. डाव्या कडेला म्हशीचा एक डोळा आणि कान, मधे बल्ब, उजवीकडे मामांचं सगळे दात दाखवणारं हसू. या चार दिवसांतला हा माझा सर्वांत आवडता फोटो. म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा चांद आहे. पाडव्याला या, म्हणाले. दिवाळी पाडव्याला इथले गवळी म्हशींची शिंगं रंगवून, त्यांना मोरपिसं लावून मिरवणुकीनं काढतात. "तवा हिचा फोटो काढा. आता काय, अंघोळ बी झाली न्हाई तिची."

नंतर मी तासभर तिथेच होते. तासाभरानं माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. माझा इतिहास-भूगोल सगळ्यांना कळून चुकला होता, दूध पिऊन झालं होतं, आता मी म्हणजे म्हशींमधली एक. तेव्हा फोटो निघायला लागले. कालचा दिवस मी उलटं करत होते. आधी लपून फोटो, मग ओळख. इथे आधी ओळख द्यायची, लोकांना आपला कंटाळा येऊ द्यायचा, आणि मग कॅमेरा काढायचा.

हे कळल्याच्या आनंदात शुक्रवार पेठेतून चालत पंचगंगेच्या घाटावर गेले आणि दोन तासांत पुन्हा तीच चूक केली.

नदीवर धुकं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि सगळी एकाच दिशेला वर बघत होती. पांढरी टोपी घातलेले म्हातारे, पदर डोक्यावरून घेतलेल्या बायका, कडेवरचं मूल, सगळ्यांच्या हनुवट्या वर. कुणी बोलत नव्हतं. असं दृश्य रस्त्यावर वर्षात एकदा मिळतं. मी चालता चालता तीन फोटो काढले. कुणाचं लक्ष नव्हतं. टेपचं सार्थक झालं, असं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

मग खाली दगडावर पत्रावळ दिसली. भाताचे गोळे दिसले. दहावा होता. ती माणसं कावळ्याची वाट बघत होती.

कॅमेरा पिशवीत टाकेपर्यंत एक तिशीचा माणूस माझ्याकडे आला. डोकं नुकतंच भादरलेलं, कानामागे साबणाचा पांढरा वण. रागावला नव्हता, ते जास्त अवघड होतं. "ताई, तेवढं काढून टाका," म्हणाला. मी त्याच्यासमोर तिन्ही फोटो काढून टाकले. दाखवलं की गेले. मला काय बोलावं सुचेना. तुम्ही माफ करा, असं काहीतरी पुटपुटले.

पडद्यावर आता त्याआधीचा फोटो आला होता. चंद्री आणि मामा. त्यानं वाकून बघितला. "ह्यांच्याकडं आमचा रतीब हाय," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "अण्णा रोज सकाळी तिथंच एक गिलास घ्यायचे. घरात दूध असलं तरी."

तेवढ्यात मागून हाक आली. कावळा शिवला होता. तो गेला.

घाटावर जाणार असाल तर एवढं करा. लोक घोळक्यानं उभे असतील तर आधी खाली बघा, पायाशी काय आहे ते. मग ठरवा.

दुपारी बराच वेळ काही काढावंसं वाटलं नाही. एका खानावळीत मटणाचं ताट मागवलं. तांबड्या रश्शाचं कौतुक सगळे करतात, पण मी पांढऱ्याची. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, आणि मिऱ्याचा झटका. वाटीवर वाटी. वाढणाऱ्या मुलीनं चौथ्यांदा वाटी भरताना सांगितलं, "मी बी पांढराच पितो." कोल्हापुरातल्या पोरी 'जातो, येतो, पितो' म्हणतात हे ऐकून माहीत होतं, पण कानानं ऐकल्यावर मजा वाटते. तिला विचारून तिचा एक फोटो काढला. तिनं वाट्या खाली ठेवल्या, केस नीट केले, आणि सावधान उभी राहिली. असे फोटो मी फेकून देत असे. हा ठेवला.

संध्याकाळी साडेपाचलाच महाद्वार चौकात. या वेळी सूर्याकडे पाठ. काल भेटलेल्या गजरेवाल्या मावशींच्या शेजारी उभी राहिले. दोन गजरे घेतले, काय करते, कुठली, कुणाची, सगळं सांगून टाकलं. सहा वाजता त्यांना माझा कंटाळा आला.

सहा वाजून पाच मिनिटांनी ऊन जमिनीला समांतर झालं. ताराबाई रोडवरून एक पिवळा पट्टा चौकात सरकत आला आणि जो जो पश्चिमेकडे तोंड करील त्याचा चेहरा पेटल्यासारखा उजळायला लागला. साधीसुधी माणसं. हवालदार शिट्टी वाजवता वाजवता थांबला आणि त्यानं डोळे मिचकावले. मावशींनी हात आडवा धरला, त्यांच्या बोटांच्या सावल्या गालावर. दोन कॉलेजकुमार मोबाइल उंच धरून चालले होते. मी मागे मागे न जाता एकाच जागी उभी होते. ऊन माझं काम करत होतं.

आणि तेवढ्यात त्या गर्दीत, नेमक्या त्या वेळी, दोन माणसं कपाटाचा आरसा घेऊन आली.

पुरुषभर उंचीचा आरसा, एकानं पुढून धरलेला, एकानं मागून. त्यांना किरणोत्सवाचं काही नव्हतं, कुठेतरी पोचवायचा होता. चौकाच्या मध्यावर आल्यावर ऊन आरशावर पडलं आणि टेबलाएवढा एक झगझगीत तुकडा समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर उडाला. साड्यांच्या दुकानावरून पेढ्यांच्या दुकानावर, तिथून एका गॅलरीतल्या आजींच्या अंगावर. पोरं त्या तुकड्यामागे धावत सुटली. आरसेवाले बिचारे वाट काढायला जेवढे वळत, तेवढा तो उडे.

"अरे, आरसा आडवा धर!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "देवीचं किरण पळवायलाय की!"

सगळा चौक हसला. हवालदारसुद्धा. मी अकरा फोटो काढले. त्यांतल्या एकात आरसा आहे, त्यात सूर्य आहे, खाली दोन माणसांचे फक्त पाय दिसतात, आणि तीन पोरं उड्या मारून भिंतीवरचं ऊन पकडतायत.

सव्वासहाच्या सुमारास चौकातलं बोलणं बारीक झालं. जो तो महाद्वाराकडे बघत होता आणि आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न. "कुठवर आलं?"

२ फेब्रुवारी

सकाळी एका तालमीत जायचा बेत होता. दारात वस्ताद भेटले. नम्रपणे म्हणाले, "ताई, आत न्हाई येता यायचं. मारुतीची जागा हाय." वाद घालायची इच्छा झाली, पण पाहुणी होते. त्यांनीच खुर्ची मागवली आणि दारात ठेवली. "दारातनं काय दिसंल ते काढा." दारातून दिसलं ते असं: दोरीवर वाळत घातलेले लाल लंगोट, भिंतीला टेकलेली गदा, आणि हौद्यातली तांबडी माती उकरून भुसभुशीत करणारं बारा-तेरा वर्षांचं पोरगं. त्या मातीत हळद, ताक, तेल, कापूर घालतात, वास दारापर्यंत येत होता. आतल्या कुस्तीचा एकही फोटो नाही. लंगोटांचे सात आहेत, त्यातला एक बरा.

तिथून सुभाषनगरात. भवानी मंडपाजवळच्या चप्पलगल्लीत विकत घ्यायला जावं, पण चपला घडताना बघायच्या असतील तर कारागिरांच्या वस्तीत. एका घराच्या ओट्यावर नवरा-बायको काम करत बसले होते. तळ कापायचं काम काकांचं, रापीनं. पट्ट्यावरची वेणी काकूंची. चामड्याच्या केसाएवढ्या बारीक पट्ट्या, तीन तीन घेऊन गुंफत जायचं, मधेच आरीनं भोक, पुन्हा गुंफण. नजर कामावर आणि बोलणं माझ्याशी. दोन्ही बाजूंचे पाखासारखे भाग असतात त्यांना कान म्हणतात, हे मला तिथे कळलं.

मी आता शहाणी झाले होते. आधी बसले, चहा घेतला, कापशी चपलेची जोडी विकत घेतली, आणि मग विचारलं, फोटो काढू का?

काकू हसल्या. हसू काही चांगलं नव्हतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलांसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, कारागिरांचा राग रास्त होता. "तवापासनं लई जण आले," काकू म्हणाल्या. "क्यामेरे, माईक, छत्र्या. इकडं बघा, तिकडं बघा. काढले, गेले. एक तरी फोटो हातात दिला का कुणी?"

दोन-तीन वर्षांत मी असे किती फोटो काढले असतील, आणि किती जणांच्या हातात दिले, याचा हिशेब करायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या संख्येला शून्य होतं.

फोटो काढले. "उद्या आणून देते," म्हटलं. काकांनी रापी न थांबवता "बरं" म्हटलं. ते 'बरं' त्यांनी आधीही बऱ्याच जणांना म्हटलं असावं.

परतताना खरी कॉर्नरला रिक्षा थांबवून कॅमेऱ्याचा स्तंभ बघितला. बाबुराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव या खटपटीत बरोबर होते, ते १९१६ मध्येच गेले आणि काम बाबुरावांनी तडीस नेलं. रिक्षावाल्याला हे सगळं पाठ होतं. म्हणजे इथल्या लोकांनी माझ्या चिकटपट्टीवर शेरे मारले ते अधिकारानं.

संध्याकाळी चौकात गेलेच नाही. एका फोटो स्टुडिओत बसून २३ फोटो निवडले, ४ बाय ६ चे प्रिंट काढायला दिले. तिथल्या पोरानं आरशाचा फोटो बघून नाक मुरडलं. "मॅडम, आरसा पांढरा फटक झालाय. खाली आणू काय?" नको म्हटलं. "बघा हां," म्हणाला, "लोक म्हणतील स्टुडिओनं बिघडवला."

पुढच्या वेळेसाठी टीप, माझी मलाच: पहिल्या दिवसापासून वही ठेवायची. फोटो कुणाचा, कुठे बसतात, किती वाजता भेटतील. मी सगळं आठवून आठवून लिहीत बसले, आणि पापाच्या तिकटीवरचे बँकेच्या पायरीवरचे दोन म्हातारे शेवटपर्यंत सापडले नाहीत.

३ फेब्रुवारी

परतीची गाडी रात्रीची होती. दिवसभर मी पोस्टमन.

गजरेवाल्या मावशींनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "ह्यो हात माझा. पन तोंड कुठाय?" सावली आहे, म्हटलं. "मग ऊन जाऊपर्यंत थांबायचं न्हाई का?" ज्या उन्हासाठी मी साडेचारशे किलोमीटर आले, त्याबद्दल त्यांचं हे मत. शेजारच्या नारळवालीनं बघितलं आणि विचारलं, "आमचा कुठाय?" मग तिचा काढला, हळदी-कुंकवाच्या गाड्यावाल्याचा काढला, मावशींचा पदर सारखा करून पुन्हा काढला. आठ फोटो, सगळे ताठ, सगळे लेन्समध्ये बघणारे. पाठवायचे आहेत. खानावळीतली पोरगी रजेवर होती, तिचा गल्ल्यावर ठेवला. वस्तादांनी लंगोटांचा फोटो उलटा धरून बघितला आणि काही न बोलता आत मारुतीशेजारी नेऊन ठेवला, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

सुभाषनगरात काकूंनी हात पुसले आणि दोन्ही हातांनी फोटो घेतला. बराच वेळ बघितला. फोटोत त्यांची बोटं आणि वेणी आहे, चेहरा अर्धाच. मला वाटलं त्याही तोंड कुठाय विचारतील. पण त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "बघा, हितं तिसरी पट्टी ढिली हाय." दोघांनी वाकून ती पट्टी बघितली. मग काका आत जाऊन आदल्या दिवशीची जोडी घेऊन आले, ती चप्पल शोधली, आणि काकू पट्टी उसवायला बसल्या.

दूधकट्ट्यावर सर्वांत शेवटी गेले, संध्याकाळच्या धारेला. मामांना फोटो दिला आणि मुद्दाम समोर उभी राहिले. एवढा चांगला फोटो, त्यांना आवडणारच.

त्यांनी बल्बखाली धरला. "म्हैस बरी आलीय," म्हणाले. चंद्रीला दाखवल्यासारखं केलं. शेजारच्या कासंडीवाल्याला दाखवला. "बघ, डोळा बघ कसा आलाय."

मग मला विचारलं, "ह्यो मोठा करून मिळंल का? भिंतीवर लावाय?"

मिळेल की, म्हटलं. मोठा करून कुरिअरनं पाठवते.

"आनि त्यातनं मला काढता येतंय का? नुसती हीच ऱ्हाऊ दे."

मामा, फोटो तुमच्या हसण्यामुळंच तर झालाय, असं मी समजावून बघितलं. त्यांनी पुन्हा एकदा फोटो निरखला, उजवी बाजू अंगठ्यानं झाकली, आणि मान डोलावली. असाच हवा होता त्यांना.

पत्ता विचारला तर म्हणाले, "दूधकट्टा, गंगावेश. सकाळी पाठवा, मी हितंच असतोय."